१६० अर्ज केले, ओळखीच्या माणसाला फोन एकही नाही

पत्र थोडक्यात असं आहे. वय ५२. एकाच कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये २४ वर्षं काढली, त्यातली शेवटची ६ मॅनेजर म्हणून. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, दोन-दोन परचेस डिपार्टमेंट कशाला हवीत असं ठरलं आणि यांची नोकरी गेली. त्याला आता ९ महिने झाले. ऑनलाइन १६० अर्ज केले, मुलाखती आल्या फक्त ४. एका ठिकाणी 'ओव्हरक्वालिफाइड' म्हणाले. दुसरीकडे 'आमची टीम खूप यंग आहे, जमेल का तुम्हाला' असं विचारलं. तिसरीकडे मुलाखत घ्यायला 'पंचविशीतली पोरगी' होती, तिने पाच वर्षांनी कुठे असाल विचारलं, हे म्हणाले 'रिटायरमेंटच्या जवळ'. चौथ्या ठिकाणाहून काही कळवलंच नाही. मुलगा म्हणतो रेझ्युमेतली दहा वर्षं उडवा आणि केस काळे करा. मेहुणा म्हणतो नोकरीचा नाद सोडा, धंदा टाका. नोकरी गेल्याचं बायकोला आणि मुलाला माहीत आहे, बाकी कुणालाही नाही. नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी, कुणालाच नाही. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतात, लायब्ररीत बसून अर्ज करतात, संध्याकाळी घरी येतात. लिहितात, 'ज्या वेंडर (माल पुरवणाऱ्या) लोकांना मी रिसेप्शनवर तास-तास बसवून ठेवलं त्यांच्यापुढे आता हात पसरायचे का? ताई, खरं सांगा, या वयात कुणी घेईल का मला, की सोडून देऊ?'

दादा,

सोडून देऊ नका. पण आत्ता जे करताय ते मात्र बरंचसं सोडून द्या.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं नेहमीचंच आहे, वयाचा प्रश्न, रेझ्युमे, मुलाखत, असली पत्रं महिन्याला दहा तरी येतात. दुसऱ्यांदा वाचताना ते बॅगेचं वाक्य अडकलं. म्हणजे तुम्ही १६० अनोळखी लोकांना सांगितलंय की मला नोकरी हवी आहे, आणि जे लोक तुम्हाला २४ वर्षं ओळखतात त्यातल्या एकालाही नाही. माझ्या मते तुमचा प्रॉब्लेम इथे आहे, वय त्याच्यानंतर येतं. (लाज वाटते म्हणून तुम्हाला ओरडतेय असं समजू नका, माझं स्वतःचं काय झालं होतं ते पुढे सांगते.)

आधी वयाचं बोलूया कारण ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वयामुळे डावलतात, हे खरं आहे आणि मोजलंही गेलंय. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी ४० हजारांहून जास्त बनावट अर्ज खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवले, माणूस तोच, कौशल्यं तीच, फक्त वय कधी ३० च्या आसपास, कधी ५०, कधी ६५. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वय वाढलं की बोलावणं कमी, हे त्यात दिसलं, पण ते ठळकपणे दिसलं बायकांच्या बाबतीत, आणि त्यातही निवृत्तीच्या जवळ आलेल्या बायकांच्या. पुरुषांच्या बाबतीत पुरावा बराच कच्चा निघाला. आता तो एका देशातला, ठरावीक चार-पाच प्रकारच्या साध्या नोकऱ्यांचा अभ्यास आहे, तुमच्या मॅनेजरच्या पोस्टला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एवढं नक्की की '१६० नकार आले कारण मी ५२ चा आहे' हे गणित इतकं सरळ नसतं. कायद्याचं म्हणाल तर वयावरून डावलू नये असे कायदे बऱ्याच देशांत आहेत, अमेरिकेत तर १९६७ पासून चाळिशीवरच्यांसाठी आहे, पण नोकरी द्यायच्या आधीच नाही म्हटलं तर कारण वय होतं हे सिद्ध करणं महाकठीण. तेव्हा तो रस्ता लक्षात ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका.

मग त्या १६० अर्जांचं झालं काय? मी १८ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून माणसं घेतलीत म्हणून सांगते, त्यातले बरेचसे कुणी उघडलेच नसतील. एका जाहिरातीला शेकड्याने अर्ज येतात, वरचे चाळीस-पन्नास बघून होतात, त्यात पाच बरे सापडले की रिक्रूटर पुढच्या पोस्टकडे वळतो. लोक म्हणतात की सॉफ्टवेअर आपोआप रिजेक्ट करतं. ते अर्धवट खरं आहे. बहुतेक ठिकाणी ते सॉफ्टवेअर अर्ज साठवून ठेवतं आणि शब्द टाकून शोधू देतं एवढंच. आपोआप बाद करतात ते अर्ज भरताना सुरुवातीला विचारलेले प्रश्न. किती वर्षांचा अनुभव, अपेक्षित पगार किती, कधी जॉइन होणार. जाहिरातीत '५ ते ८ वर्षं' लिहिलंय आणि तुम्ही २४ टाकताय, तर ते तुमच्या वयाला नाही म्हणत नाहीयेत, तुम्ही वेगळ्याच पोस्टच्या रांगेत उभे आहात. तुमचे शेवटचे तीस अर्ज काढा आणि प्रामाणिकपणे बघा, त्यातले किती खरोखर तुमच्या कामाचे होते आणि किती 'टाकून तर बघू' होते. माझा अंदाज तुम्हाला आवडणार नाही म्हणून लिहीत नाही.

एक छोटी टेस्ट आजच करून बघा. तुमच्या रेझ्युमेची फाईल उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मुलाने छान दोन कॉलमवालं डिझाइन करून दिलं असेल, चौकटी, आयकॉन, वरच्या पट्टीत फोन नंबर, तर तिथे सगळी खिचडी दिसेल, कंपनीचं नाव एकीकडे, तारखा भलतीकडे, फोन नंबर गायब. त्या सॉफ्टवेअरला साधारण तेच दिसतं. एक कॉलम, साधी हेडिंग, झालं.

आता मुद्द्यावर येते. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एक पेपर लिहिला, तो आजही नोकरीच्या विषयात सगळ्यांत जास्त सांगितला जातो. बॉस्टनजवळच्या एका गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली ती व्यक्ती तुम्हाला कितपत भेटायची. वारंवार भेटणारी म्हणजे जवळची माणसं निघाली फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून भेटणारी ५६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारी २८ टक्के! म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा 'हो, ओळखतो मी त्यांना' एवढीच ओळख असलेले लोक कामाला आले. कारण सोपं आहे, जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, लांबची माणसं वेगळ्या गोतावळ्यात फिरतात. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांवर हेच पुन्हा तपासलं गेलं, तिथेही अगदी घट्ट ओळखींपेक्षा थोड्या सैल ओळखींमधून नोकरी बदलायचं प्रमाण जास्त दिसलं.

आता सांगा, पंचविशीतल्या मुलाकडे अशा सैल ओळखी किती असतात? कॉलेजचे मित्र, एक बॉस, संपलं. तो बिचारा ऑनलाइन अर्ज करणार नाहीतर काय करणार. तुमच्याकडे २४ वर्षांच्या ओळखी आहेत आणि तरीही तुम्ही त्याच्याच रांगेत जाऊन उभे राहिलात, जिथे तो स्वस्त आहे, त्याचा रेझ्युमे एका पानाचा आहे, आणि तुम्हाला कुणी ओळखत नाही. पोर्टलवर तुमची २४ वर्षं हा फक्त एक आकडा असतो, तोही अंगावर येणारा. तीच २४ वर्षं तुमचं काम डोळ्यांनी बघितलेल्या माणसाच्या तोंडून आली की त्यांना वजन येतं. 'परचेसला माणूस हवाय? अहो मग ते अमुक आहेत ना, बिल कधी अडकवलं नाही त्यांनी, आणि रेटमध्ये फसवूनही घेतलं नाही.' हे वाक्य कुठल्याही रेझ्युमेत लिहिता येत नाही.

आणि दादा, परचेसचा माणूस असून तुम्ही म्हणता मला कोण सांगणार? वेंडर कंपन्यांची सेल्सची माणसं आठवड्याला दहा कंपन्या फिरतात. कुठला परचेस मॅनेजर सोडून चाललाय, कुठे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) महिनाभर अडकून पडतात, कुठे मालक स्वतःच मटेरियल मागवत बसलाय आणि स्टोअरमध्ये डेड स्टॉक साठलाय, हे त्यांना जाहिरात निघायच्या तीन महिने आधी माहीत असतं. तुमच्या क्षेत्रात याच्याइतकं मोठं माहितीचं खातं दुसरं नाही आणि त्याच खात्याला तुम्ही कुलूप लावून बसलाय.

हात पसरण्याचं म्हणाल, तर माझंच सांगते. मी ४६ ची असताना माझी पोस्ट गेली. माणसं घ्यायचं आणि काढायचं काम करणारी बाई, आणि मलाच काढलं, तर सांगायचं कुठल्या तोंडाने! चार महिने मी सगळ्यांना 'जरा ब्रेक घेतलाय' म्हणत राहिले. पाचव्या महिन्यात एक जुनी ओळखीची बाई बसमध्ये भेटली, जिला मी एकदा नोकरीसाठी नाही म्हटलं होतं, तिने सहज विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. ती म्हणाली, 'अहो मग आधी का नाही बोललात, आमच्याकडची पोस्ट मागच्याच महिन्यात भरली.' ती नोकरी मला मिळाली नाही, मिळाली दुसरीच, आणखी तीन महिन्यांनी. पण मागच्याच महिन्यात भरली हे ऐकून मला जे वाटलं ते तुम्हाला वाटू नये म्हणून लिहितेय.

आणि मागायची पद्धत असते हो. 'कुठे काही असेल तर बघा' असं म्हटलं की समोरचा माणूस अवघडतो, त्याच्या हातात नोकरी नसते, मग तो 'हो हो नक्की, रेझ्युमे पाठवून ठेवा' म्हणतो आणि विषय मिटतो. त्याला जे देता येतं ते मागा. माहिती मागा. असं काहीतरी लिहा, तुमच्या शब्दांत: 'नमस्कार, बऱ्याच दिवसांनी. कंपनी विलीन झाल्यावर माझी पोस्ट गेली, सध्या नवीन काम शोधतोय. तुमचं मध्यम आकाराच्या कंपन्यांत जाणं-येणं असतं, तिथे परचेसमध्ये काय अडचणी चालल्यात हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' बास. रेझ्युमे जोडू नका, त्याने मागितला तर पाठवा, आणि दहातले सहा-सात जण स्वतःहून मागतील असं माझा अनुभव सांगतो. फोन ठेवताना एकच प्रश्न, 'अजून कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?' प्रत्येक फोनमधून दोन नवी नावं निघाली तरी महिन्याभरात तुमची वही भरते. हो, वही ठेवा. नाव, तारीख, काय बोलणं झालं, परत कधी विचारायचं. वेंडर फॉलोअप कसा करायचा हे तुम्हाला मी शिकवायला नको.

आठवड्याला पाच फोन, पाच अर्ज. याहून जास्त अर्ज करू नका. आत्ता तुमचे अर्ज १६० आहेत आणि फोन शून्य. आणि पहिले फोन अशा लोकांना करा ज्यांचा नकार फार लागणार नाही, म्हणजे जीभ सैल होते.

रेझ्युमेबद्दल मुलगा अर्धा बरोबर आहे. दहा वर्षं 'उडवायची' नाहीत, आवरायची. शेवटची १०-१५ वर्षं नीट मांडा, त्याआधीचं एका ओळीत, 'याआधी स्टोअर्स आणि परचेसमध्ये विविध जबाबदाऱ्या'. पदवीचं साल काढलं तरी चालतं, पदवी काढायची नाही. जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, छंद, हे कुठेच नको, अर्जात कुणी वेगळं विचारलं तर तिथे भरा. मॅनेजर होतो हे लपवून एक्झिक्युटिव्ह लिहायचं वगैरे मात्र अजिबात करू नका, चौकशी करतात आणि मग खोटं बोलला एवढंच लक्षात राहतं. गाळणं आणि खोटं लिहिणं यात फरक आहे, तेवढा सांभाळा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांत वरची ती ओळ, '२४ वर्षांचा समृद्ध अनुभव', ती काढून टाका. मला माहीत आहे ती असणार, सगळ्यांची असते. समृद्ध म्हणजे काय? त्याऐवजी काय केलंत ते लिहा, आकड्यासकट. किती कोटींची खरेदी सांभाळलीत, एकाच वेंडरवर अडकलेले किती आयटम सोडवलेत, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) किती दिवसांवरून किती दिवसांवर आणलात, पडून राहिलेल्या मालाचं काय केलंत. आकडे तुमच्या डोक्यात असणारच. जे पक्के आठवत नाहीत ते लिहू नका. आणि २४ वर्षं एकाच कंपनीत म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं एकच वर्ष २४ वेळा जगला, म्हणून तिथल्या वेगवेगळ्या पोस्ट वेगवेगळ्या तारखांनी वेगळ्या लिहा, जणू चार नोकऱ्या. बढती दिसली पाहिजे.

केसांचं? आवडत असेल तर करा, नसेल तर नका करू. यावर मी याहून जास्त शब्द खर्च करणार नाही.

'ओव्हरक्वालिफाइड' हा शब्द मात्र नीट समजून घ्या कारण तो मीही वापरलाय, बऱ्याच जणांसाठी, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. कधी अर्थ असतो की पगार परवडणार नाही. कधी असतो की बरं काही मिळालं की सहा महिन्यांत सोडून जाईल. आणि कधी, हा सगळ्यांत जास्त वेळा, की हा माणूस माझं ऐकेल का? समोरचा हे विचारत नाही कारण विचारणं बरं दिसत नाही, काही ठिकाणी कायद्यातही बसत नाही, मग तो एक गोड शब्द वापरून मोकळा होतो. म्हणून त्याने न विचारता तुम्हीच बोला. 'माझ्या आधीच्या पोस्टपेक्षा ही लहान आहे हे मला दिसतंय. मला आता माणसं सांभाळण्यापेक्षा प्रत्यक्ष खरेदीचं काम करायचंय, म्हणून मी विचार करूनच अर्ज केलाय. पगाराची रेंज मला मान्य आहे.' पण हे खरं असेल तरच बोला. मनातून नसेल मान्य तर ती पोस्ट तुमची नाही, सोडा.

आता त्या 'पोरगी'बद्दल. रागावू नका, पण तुम्ही पत्रात तिला पोरगी लिहिलंत, मुलाखतीत नसेल म्हटलं, तरी ते समोरच्याला जाणवतं, बसण्यात, उत्तर देण्याच्या सुरात. तिने तुम्हाला नेहमीचा प्रश्न विचारला जो ती सगळ्यांना विचारते, आणि तुम्ही तिला टोमणा मारलात. विनोद म्हणून केलात हे मला कळतंय! पण तिने कागदावर काय लिहिलं असेल? 'पाच वर्षांत जाणार.' त्याच प्रश्नाला 'पुढची दहा वर्षं मला काम करायचंय, त्यातली पहिली दोन तुमची वेंडर लिस्ट साफ करण्यात जातील' असंही उत्तर होतं. आणि तरुण टीमचं विचारलं तर 'मला सगळ्यांशी जमतं' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. एखाद्या लहान वयाच्या माणसाकडून तुम्ही नक्की काय शिकलात ते सांगा. नवीन ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा कुणीतरी ज्युनिअरने शेजारी बसून शिकवलं असेलच की. तो किस्सा सोन्यासारखा आहे, तो लपवू नका.

किस्से तयार ठेवा. पाच-सहा पुरे. काय अडचण होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. त्यात एक फसलेला पाहिजे, काय चुकलं ते सांगता आलं पाहिजे, आणि एक गेल्या दोन वर्षांतला पाहिजे. प्रत्येक दोन मिनिटांत. घड्याळ लावून बायकोला ऐकवा. आपल्या वयाची माणसं गोष्ट सांगायला लागली की आधी कंपनीची स्थापना सांगतात, मग त्या वेळचा बॉस, मग तो बॉस कुठे गेला... मीही तेच करते, हा सदराचा मजकूरच बघा ना. व्हिडिओ कॉलवर मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, आणि आदल्या दिवशी मुलाबरोबर एक ट्रायल.

नवीन शिकण्याचं म्हणाल तर घाबरून दहा सर्टिफिकेट करू नका. तुमच्या कामाच्या वीस जाहिराती काढा, त्यात कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं कौशल्य पुन्हा पुन्हा येतंय त्यावर खुणा करा. जे बारा-पंधरा ठिकाणी आहे आणि तुम्हाला येत नाही ते एक निवडा. एकच. समजा पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) निघालं, तर ते शिकून खर्चाचं विश्लेषण करणारा एक नमुना रिपोर्ट स्वतः बनवा, जुन्या कंपनीचा डेटा वापरू नका हं, काल्पनिक घ्या. 'शिकतोय' म्हणण्यापेक्षा 'हे बघा बनवलं' हे बरं. जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी ठेवून काय राहिलंय हे एखाद्या एआय टूलला विचारायलाही हरकत नाही, फक्त त्याने लिहिलेलं जसंच्या तसं पाठवू नका, ते सगळ्यांचं सारखंच वाटतं आणि मध्येच तुमच्या नावावर नसलेले पराक्रम घुसवतं.

कुठे शोधायचं हेही बदला. मोठ्या कंपन्यांत ठरावीक पोस्टला ठरावीक वय आणि पगाराची चौकट असते, तिथे तुम्ही बसत नाही म्हणून त्रास. पण वाढत असलेली छोटी कंपनी, जिथे आत्तापर्यंत मालकच खरेदी बघायचा आणि आता त्याला झेपत नाही, तिला तुमच्यासारखाच माणूस हवा असतो. फक्त तिला ते जाहिरातीत कसं लिहायचं हे माहीत नसतं, म्हणून ती जाहिरात देतच नाही. तिथे कदाचित पूर्ण वेळची नोकरी नसेल, आठवड्यातून तीन दिवस असेल, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल, कुणाच्या तरी दीर्घ रजेच्या जागी असेल. घ्या. चालू काम असलेल्या माणसाला पुढचं काम लवकर मिळतं आणि सकाळी बॅग घेऊन जायला खरी जागा मिळते.

पगार किती कमी घ्यायचा हे मला विचारू नका, आज रात्री वहिनींबरोबर कागद घेऊन बसा. घरखर्च, हप्ते, मुलाचं शिक्षण राहिलं असेल तर ते, आणि याच्या खाली जाणार नाही असा एक आकडा. तो आकडा ठरला की मुलाखतीत आवाज बदलतो, बघा. आणि कमी पगारावर जाणार असाल तर आधीच बोलून घ्या की एका वर्षाने याचा फेरविचार होईल, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

मेहुण्याला एक गोष्ट नक्की सांगा, तो अगदीच चुकीचा नाही. सगळ्यांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांचे संस्थापक सुरुवात करताना सरासरी ४५ वर्षांचे होते असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं, २०२० साली छापून आलंय. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ज्यांना त्या धंद्यातला आधीचा अनुभव होता त्यांचं जास्त जमलं. म्हणजे उद्या छोट्या कंपन्यांना खरेदीत सल्ला देण्याचं काम काढलंत तर मी टाळ्या वाजवेन. निवृत्तीचे पैसे मोडून कशाची तरी एजन्सी घेणार असाल तर नाही. तसंच नोंदणी फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट मागणारी 'नोकरी' दिसली की फोन ठेवा, पन्नाशीतल्या घाईत असलेल्या माणसाला हेरून बसलेले असतात हे लोक. खरी कंपनी पैसे देते, घेत नाही.

राहता राहिली लायब्ररी. जागा छानच आहे, जा ना. पण सकाळचे तीन तास कामाचे ठेवा, त्यातला पहिला फोनचा, आणि दुपारी घरी या. नातेवाइकांना भाषण द्यायची गरज नाही, कुणी विचारलं तर 'कंपनी विलीन झाली, पोस्ट गेली, नवीन शोधतोय' एवढं एका दमात, आवाज न पाडता. आरशासमोर दहा वेळा म्हणा. पहिल्या तीन वेळा घशात अडकतं, नंतर ते बाकीच्या वाक्यांसारखंच एक वाक्य होतं. लोक दोन दिवस बोलतील आणि मग त्यांचं-त्यांचं सुरू होईल.

सुरुवात त्या रिसेप्शनवर बसवून ठेवलेल्या वेंडरपासूनच करा असं मी सुचवेन. मघाशी म्हटलं आधी सोप्या माणसांना फोन करा, तर दोन सोपे करा आणि तिसरा त्याला. तुम्हाला वाटतंय त्याला तो अपमान आठवत असेल. त्याला बहुधा एवढंच आठवत असेल की पेमेंट वेळेवर यायचं. आणि फोन उचलून तो म्हणाला की मीटिंगमध्ये आहे, तासाभराने करतो, तर थांबा. तोही थांबला होता.